वर येण्याची विद्या

मराठी भाषेंत 'बुडणें' ह्या क्रियापदाची मोठी दैना आहे. धंदा बुडतो, पैसे बुडतात, शाळा बुडते, व्रत बुडतें, कुळ बुडतें आणि सरतेशेवटीं सूर्यहि बुडतो. कोणी देणेकऱ्यांना चुकवून गांवांतून नाहींसा झाला, तर त्यानें बुडी मारली असें आपण म्हणतों. बुडत्याचा पाय खोलांत असावयाचा, आणि त्याला आधार मिळालाच तर तो काडीचा! वाचनांत किंवा कामांत माणूस बुडून जातो हा काय तो एक अपवाद. पण तोहि घरांतल्या मंडळींस फारसा रुचतो असें नाहीं. सातशें किलोमीटरांहून अधिक लांबीचा किनारा ज्या प्रदेशास लाभला आहे, त्या प्रदेशाच्या भाषेनें पाण्याखालीं जाण्याविषयीं इतकें वाईट मत कां करून घ्यावें, ह्याचें मला पुष्कळ दिवस नवल वाटे. आतां वाटत नाहीं. भाषेची लेखणी काठावर बसणाऱ्यांच्या हातीं राहिली. पाण्यांत उतरणाऱ्या कोळ्याला किंवा गाबिताला तिनें कांहीं विचारलें असेल असें दिसत नाहीं.

आमचें घराणें मूळचें वाईचें, म्हणजे अशा काठावरच्यांपैकींच एक. कृष्णेचा घाट एवढाच आमचा समुद्र. माझा एक चुलतभाऊ चौदाव्या वर्षीं त्या कृष्णेच्या डोहांत गेला. त्याला पोहतां येत नव्हतें. त्या दिवसापासून आजोबांनीं घरांतल्या सर्व मुलांना पोहण्याची बंदी केली. पोहतां येत नसल्यामुळें एक मुलगा गेला, म्हणून बाकीच्यांनीं पोहावयास शिकूं नये, हा न्याय त्या वेळीं कोणालाहि विचित्र वाटला नाहीं. दुःखाच्या दारीं तर्कशास्त्राला उभें राहतां येत नाहीं. आजोबा गेले, वाडा गेला, परंतु ती बंदी मात्र तीन पिढ्या आमच्याबरोबर चालत आली.

चालत चालत ती खारघरलाहि आली. १९७० सालीं सिडकोची स्थापना झाली आणि तिनें डोंगर व खाडी ह्यांच्या मधल्या भूमीवर जी नवी मुंबई वसविली, तिचाच हा एक भाग. एका अंगास खारघरचे डोंगर, दुसऱ्या अंगास कांदळवनाची हिरवी पट्टी आणि तिच्या पलीकडे खाडीचें करडें पाणी. पण आम्हां पांढरपेशा कुटुंबांची पाण्याशीं ओळख येथें दोनच ठिकाणीं होते. एक, गृहसंकुलांतील निळ्या फरशीचा तलाव. आणि दुसरें, पांडवकड्याचा धबधबा. पावसाळा आला कीं तेथें जाण्यास मनाईचा हुकूम निघतो, पोलीस उभे राहतात, तरीहि माणसें जातात, आणि एखाद्या वर्षीं त्यांतलीं कांहीं परत येत नाहींत. मग दोन दिवस प्रत्येक घरीं तोच विषय निघतो, आणि मुलांना तलावावरहि जाऊं दिलें जात नाहीं.

अशा गांवीं आणि अशा घराण्यांत, माझ्या धाकट्या भावाच्या मुलीनें, बेलापूरच्या कचेरींतील संगणकाची चांगली नोकरी सोडून, मालवणजवळ तारकर्लीस पाणबुड्यांची शिक्षिका व्हावयाचें ठरविलें. ह्या पेशाच्या स्त्रीला काय म्हणावें हें सुद्धां आम्हांस कळेना. 'पाणबुडा' स्त्रीस लागूं पडत नाहीं, आणि 'पाणबुडी' हा शब्द आरमारानें केव्हांच पळविला आहे! घरीं सभा भरली. भाऊ म्हणाला, "दादा, ती तुझंच ऐकेल, तूंच तिला चार शब्द सांग." मी तिला बाजूला घेऊन बसलों आणि वडीलकीला शोभेल असा प्रश्न केला, "अग, इतक्या खोल जातेस, तिथं श्वास कोंडला तर काय करशील?"

ती हंसली. "काका, श्वास कोंडायचा नाहीं हाच तर पहिला नियम! आणि खालीं जाण्यांत विद्या कसली? कमरेला शिसं बांधलं कीं कोणीहि जाईल. शिकायचं असतं तें वर येणं."

हें वाक्य मला पुरून उरलें. उपदेश करावयास गेलेला मी, चार-सहा महिने ह्या विद्येच्या इतिहासाचीं पुस्तकें धुंडाळीत बसलों. त्या वाचनांतून मला जें दिसलें तें असें कीं, पाण्याखालील संचाराची ही कला ज्यांनीं घडविली, त्यांतले खरे मोठे लोक खोल जाणारे नव्हत. गेलेल्याला सुखरूप वर आणणारे होते.

पाण्याखालीं जाण्याची हौस जुनीच आहे. मनारच्या आखातांत मोत्यांसाठीं माणसें दगडाला पाय लावून शतकानुशतकें खालीं जात होतीं. पण श्वास धरून जाणाऱ्याला तळाशीं क्षणभरच राहतां येई. एकोणिसाव्या शतकांत, १८३७ च्या सुमारास, लंडनमधील ऑगस्टस सीबे ह्या जर्मन कारागिरानें तांब्याचें शिरस्त्राण आणि अंगभर बंद पोशाख तयार केला. नावेवरून पंपानें हवा सोडावयाची आणि खालच्यानें ती घ्यावयाची. आतां माणूस तासन्‌तास खालीं राहूं लागला, आणि तेव्हांच एक भयंकर गोष्ट उघडकीस आली. खालीं ठणठणीत असलेला माणूस वर आल्यावर लुळा पडे. नद्यांवरील पुलांचे खांब रोवण्यासाठीं दाबाच्या हवेच्या पेट्यांत उतरणाऱ्या मजुरांचीहि तीच गत. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचा मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोब्लिंग १८७२ सालीं ह्याच विकारानें अंथरुणास खिळला, आणि पुढें त्याची पत्नी एमिली हिनें त्याचे निरोप कामावर पोंचवून तो पूल पुरा करविला.

ह्या विकाराचें कारण फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल बेर ह्यांनीं १८७८ सालीं ग्रंथरूपानें मांडलें. तें समजण्यास फार विद्वत्ता लागत नाहीं. गोळीच्या सोड्याची बाटली आठवावी. बाटली बंद असेपर्यंत आंतलें पाणी कसें निर्मळ दिसतें! गोळी आंत ढकलली, दाब गेला, कीं सर्व पाणी बुडबुड्यांनीं फसफसून उठतें. समुद्रांत दर दहा मीटरांस हवेच्या एका थराइतका दाब वाढतो. त्या दाबाखालीं श्वासांतला नत्रवायु रक्तांत आणि चरबींत मुरत जातो. माणूस घाईनें वर आला कीं त्याचेच बुडबुडे होतात आणि सांध्यांत, कण्यांत, मेंदूंत जाऊन अडकतात. सावकाश वर आला तर तोच वायु मुकाट्यानें श्वासावाटे निघून जातो. थोडक्यांत, मारतें तें पाणी नव्हे, घाई मारते.

पण सावकाश म्हणजे किती सावकाश? ह्या प्रश्नाचें उत्तर स्कॉटिश शरीरशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन ह्यांनीं दिलें. ब्रिटिश आरमाराच्या सांगण्यावरून त्यांनीं शेळ्यांना दाबाच्या कोठडींत ठेवून त्या केव्हां लंगडूं लागतात हें पाहिलें, आणि १९०८ सालीं आपलें कोष्टक प्रसिद्ध केलें. दाब एकदम निम्म्यावर आणला तर शरीर तें सोसतें, हें त्यांचें सूत्र. चौपट दाबांतून दुपटीवर यावें, तेथें थांबावें. मग पुढची पायरी. जिना चढतांना धाप लागलेला म्हातारा जसा मजल्यामजल्यावर विसावा घेतो, तसें हें पाण्यांतून चढणें आहे. ह्या प्रयोगांत स्वतः ६४ मीटर खोल जाऊन आलेला डॅमंट नांवाचा आरमारी अधिकारी होता. १९१७ च्या जानेवारींत 'लॉरेंटिक' हें सोन्यानें भरलेलें जहाज आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ बुडालें, तेव्हां तें सोनें काढण्याचें काम ह्याच डॅमंटकडे आलें. सात वर्षें खपून, १९२४ पर्यंत, त्याच्या माणसांनीं ३२११ विटांपैकीं ३१८६ विटा वर आणल्या. आणि त्या सात वर्षांत त्याचा एकहि माणूस दगावला नाहीं. त्या सोन्याच्या हिशेबापेक्षां हा दुसरा हिशेब मला मोठा वाटतो.

हॉल्डेन ह्यांच्या मुलाची कथा आपणांस अधिक जवळची आहे. जे. बी. एस. हॉल्डेन तेरा वर्षांचे असतांना वडिलांनीं त्यांना स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर पाणबुड्याचा पोशाख घालून पाण्यांत सोडलें होतें. पोशाख अंगापेक्षां मोठा होता, त्यांत पाणी शिरलें. तरी मुलगा न गडबडतां वर आला. पुढें १९३९ सालीं 'थेटिस' ही ब्रिटिश पाणबुडी बुडून ९९ माणसें मेलीं. तेव्हां अशा माणसांना बाहेर कसें काढतां येईल हें शोधण्यासाठीं त्यांनीं स्वतःला आणि आपल्या सहकाऱ्यांना दाबाच्या कोठडींत कोंडून घेतलें. अशाच एका प्रयोगांत प्राणवायूच्या अतिरेकानें झटके येऊन त्यांच्या पाठीच्या कण्यास इजा झाली. १९५७ सालीं हा गृहस्थ कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेंत आला, धोतर-सदऱ्यांत वावरला, ह्या देशाचा नागरिक झाला आणि १९६४ सालीं भुवनेश्वरास निवर्तला. देह त्यानें काकिनाड्याच्या वैद्यकीय महाविद्यालयास देऊन टाकला होता. ज्या शास्त्राच्या आधारावर आज माझी पुतणी समुद्रांतून वर येते, त्याचा एक आचार्य आपलाच नागरिक म्हणून मेला, हें आमच्यापैकीं कितीजणांस ठाऊक असेल?

इतकें झालें तरी पाणबुड्या अजून नळीला बांधलेलाच होता. ती नाळ तोडण्याचें श्रेय जग झाक-ईव्ह कूस्तो ह्या फ्रेंच आरमारी अधिकाऱ्यास देतें. तें खोटें नव्हे. परंतु त्यांतला निम्मा वांटा एमिल गान्यां ह्या अभियंत्याचा आहे, आणि त्याचें नांव कोणी घेत नाहीं. महायुद्धांत फ्रान्समध्यें पेट्रोलचा दुष्काळ पडला. मोटारी गॅसवर चालवाव्या लागल्या, आणि यंत्राला हवा असेल तेवढाच गॅस सोडणारी एक झडप गान्यां ह्यांनीं बनविली. कूस्तो पाण्यासाठीं जें शोधीत होते तें हेंच. १९४३ सालीं दोघांनीं मिळून ती झडप पाण्याखालच्या श्वासासाठीं बसविली. माणूस श्वास ओढील तेव्हांच हवा यावी, आणि भोंवतालच्या पाण्याचा जितका दाब तितक्याच दाबानें यावी, एवढेंच तिचें काम. पाठीवर सिलिंडर, तोंडांत ती झडप. पुढें ह्या साधनास पांच इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून 'स्कूबा' हें नांव पडलें. अशीच झडप ऐंशीं वर्षांपूर्वीं, १८६० नंतर, रूकेरॉल नांवाच्या खाणींतल्या अभियंत्यानें खाणींत कोंडलेल्या माणसांना वांचविण्याच्या विचारानें केली होती. पण पुरेशी हवा सांठविणारें नळकांडें तेव्हां नसल्यानें ती विस्मरणांत गेली. आज पाण्यांत मौज करणाऱ्याच्या तोंडांत जें साधन असतें, तें मुळांत गुदमरणाऱ्यासाठीं योजलेलें होतें.

मुलीनें सांगितलेला पहिला नियमहि येथेंच उमगतो. दहा मीटरांवर भरलेली छाती तशीच कोंडून माणूस वर आला, तर आंतली हवा दुप्पट फुगते आणि फुप्फुस फाटतें. म्हणून जो घाबरून श्वास धरतो तो मरतो; जो शांतपणें सोडीत येतो तो वांचतो.

नवें साधन हातीं आल्यावर माणसाचें जें होतें तेंच प्रथम झालें. १९४७ सालीं कूस्तो ह्यांच्या तुकडींतील मोरिस फार्ग हा शूर पाणबुडा खोलीचा विक्रम करण्यास उतरला. १२० मीटरांच्या खुणेवर त्यानें आपली सही केली. वर आला तें त्याचें प्रेत. तळ त्यानें जिंकला होता, परतीची वाट मात्र हरवली. खुद्द कूस्तो ह्यांच्या ज्या चित्रपटास १९५६ सालीं कान येथें सर्वोच्च पारितोषिक मिळालें, त्यांत शार्क माशांची कत्तल आणि प्रवाळांत लावलेला सुरुंग पाहून आज अंगावर कांटा येतो. पण ह्याच माणसानें १९६० सालीं भूमध्य समुद्रांत किरणोत्सर्गी कचरा टाकण्याच्या बेताला विरोध केला, आणि उरलेलें आयुष्य समुद्राची वकिली करण्यांत घालविलें. माणसाला अशा अर्थानेंहि वर येतां येतें.

माझ्या भावजयीची शंका निराळी होती. "हें बायकांचं काम का?" असें तिनें विचारलें. मीं तिला सिल्व्हिया अर्ल ह्यांची हकीकत सांगितली. १९७० सालीं कॅरिबियन समुद्राच्या तळाशीं एका घरांत शास्त्रज्ञांनीं राहून अभ्यास करावा असा उपक्रम चालला होता. पुरुषांबरोबर स्त्रियांना ठेवणें प्रशस्त वाटेना, म्हणून अर्ल ह्यांच्या नेतृत्वाखालीं पांच स्त्रियांची निराळी तुकडी केली. त्या दोन आठवडे खालीं राहिल्या, काम चोख केलें, आणि वर येतांना दाबाच्या कोठडींत जवळजवळ एक दिवस मुकाट्यानें बसून राहिल्या. वर्तमानपत्रांनीं त्यांची थट्टा केली. त्यांच्या कामांतली चूक मात्र कोणाला काढतां आली नाहीं. "एक दिवस नुसतं बसून राहायचं?" भावजय म्हणाली, "मग तें बायकांनाच जमायचं!"

आपल्याकडेहि ही परंपरा अगदींच पोरकी नाहीं. १९६६ सालीं स्थापन झालेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेंत, गोव्याच्या दोनापावल येथें, डॉ. एस. आर. राव ह्यांनीं सागरी पुरातत्त्वाचा पाया घातला आणि १९८० नंतरच्या दशकांत द्वारकेच्या समुद्रांत दगडी नांगर व बांधकामाचे अवशेष धुंडाळले. कुदळ-फावडें जाणणाऱ्या पुराणवस्तुसंशोधकांना त्यासाठीं पाण्यांत उतरावयास शिकावें लागलें. गोव्यांतच व्यंकटेश चारलू ह्यांनीं 'बाराकुडा' ही पाणबुड्यांची शाळा काढली. आणि मालवणास, ज्या कुरटे बेटावर शिवछत्रपतींनीं १६६४ सालीं सिंधुदुर्गाचा पाया घातला, त्याच्याच आसपासच्या पाण्यांत प्रवाळ आहेत हें जगाला दाखविणाऱ्यांत डॉ. सारंग कुलकर्णी ह्यांचें नांव अग्रभागीं आहे. तारकर्लीस महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची जी स्कूबा शिक्षणाची संस्था आहे, ती त्यांच्या परिश्रमानें उभी राहिली. किनाऱ्यापासून शंभराहून अधिक किलोमीटर आंत, कान्होजी आंग्र्यांच्या नांवानें ओळखला जाणारा 'आंग्रिया बँक' हा बुडालेला प्रवाळप्रदेश आहे. त्याच्या रक्षणाची बाजू मांडणाऱ्यांतहि ते आहेत. मला विशेष वाटतें तें हें कीं, ह्या उद्योगांत आज जीं मुलें परक्या माणसाचा हात धरून त्याला पांच-दहा मीटरांवरचे मासे दाखवितात, तीं बहुतेक तेथल्याच मच्छीमारांचीं आहेत. ज्यांना भाषेनें कधीं विचारलें नव्हतें, त्यांच्यापाशीं आतां शहरांतले लोक श्वास घ्यावयास शिकतात.

पण आपल्या वाचनांत ह्या मंडळींना स्थान नाहीं. १९५३ सालीं एव्हरेस्टवर कोण पोंचलें हें शाळेंतलें पोर सांगतें. डॅमंट कोण हें त्याच्या मास्तरांना विचारून पाहावें. ह्याचें कारण उघड आहे. शिखर चढणारा जसजसा यशस्वी होतो तसतसा अधिक उंचावर दिसतो. पाणबुड्या काम सुरू करतो तोंच दिसेनासा होतो, आणि यशस्वी झाला तर जेथून निघाला तेथेंच परत येतो. ह्यांत टाळ्या कोठें वाजवाव्या हें प्रेक्षकाला कळत नाहीं. आम्हां मध्यमवर्गीयांनीं मुलांपुढें ठेवलेले आदर्शहि सगळे चढण्याचेच. परतीची वाट ठाऊक असणें हाहि एक पराक्रम आहे, असें कोणत्याहि पाठ्यपुस्तकांत मीं वाचलेलें नाहीं.

हें सर्व मीं भावाला एका रविवारीं सविस्तर सांगितलें. धोका मुळींच नाहीं असें म्हणालों नाहीं. तें खरें झालें नसतें. एवढेंच म्हणालों कीं, आपल्या चुलतभावाला डोहांत ढकललें तें अज्ञानानें, आणि ही मुलगी शंभर-दीडशें वर्षांचें ज्ञान पाठीशीं घेऊन उतरते. त्यानें शांतपणें ऐकून घेतलें आणि म्हणाला, "हें सगळं खरं असेल, दादा. पण ती माझी मुलगी आहे." ह्या वाक्याला हॉल्डेनच्या कोष्टकांत उत्तर नाहीं, आणि असूंहि नये.

दसऱ्यानंतर समुद्र निवळला, तशी ती तारकर्लीस गेली. दिवाळीच्या सुटींत भाऊ तेथें जाऊन दोन दिवस राहून आला. पाण्यांत उतरला नाहींच. नावेच्या कडेला घट्ट धरून बसला होता म्हणे. परत आल्यावर मीं विचारलें, "काय पाहिलंस?" बराच वेळ त्यानें उत्तर दिलें नाहीं. मग म्हणाला, "पाण्यांत शिरतांना ती माणसं मोजते. वर आली कीं तोंडावरची कांच काढायच्या आधीं पुन्हां मोजते." एवढें बोलून त्यानें विषय बदलला, पण घरांत त्या नोकरीविरुद्ध त्याच्या तोंडून त्यानंतर शब्द निघाला नाहीं.

पुतणी सांगते कीं, पांच मीटरांवर आल्यावर तीन मिनिटें थांबण्याची पद्धति आहे. वर नावेचा तळ दिसत असतो, उजेड असतो, दोन हात मारले कीं पोंचेल इतकें अंतर. तरीहि घड्याळाकडे पाहात स्वस्थ राहावयाचें. नवशिक्यांना संबंध बुडीत हेंच सर्वांत अवघड जातें. भावजयीला हें थांबणें तिनें कितीदां तरी समजावून दिलें आहे. तिला तें कळतें, पण संध्याकाळ झाली कीं ती दूरध्वनि उचलते, आणि जेवलीस का, झोंपलीस का हे नेहमींचे प्रश्न बाजूस ठेवून मुलीला एकच विचारते, "आलीस का ग वर?"